क्लच प्लेटा बदलण्याआधी: मोटरसायकलचा क्लच घरी कसा तपासायचा, कसा दुरुस्त करायचा

मामा रोज पहाटे दुधाचे दोन कॅन मागे बांधून डेअरीला जातो. त्याच्या स्प्लेंडरच्या क्लच प्लेटा दीड वर्षात दोनदा बदलून झाल्या होत्या. तिसऱ्यांदा गाडी चढाला ओढेना, तेव्हा तो ती माझ्या अंगणात घेऊन आला. म्हणाला, "बघ रे जरा. गॅरेजवाला म्हणतोय, परत प्लेटा गेल्या." मी इंजिनाला हात लावायच्या आधी क्लचची लिव्हर दोन बोटांनी हलवून बघितली. तिला मोकळी अशी जागाच नव्हती. बोट टेकलं की वायर ताणायला लागायची. दोन्ही वेळा आत नव्या प्लेटा पडल्या, वायर मात्र तशीच करकचून ताणलेली राहिली. त्या बिचाऱ्या प्लेटा पहिल्या दिवसापासून अर्धवट सुटलेल्या अवस्थेत फिरत होत्या आणि जळत होत्या.

हा लेख लिहायचं कारण तेच आहे. क्लचचा दोष शोधताना हँडलपासून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा करत इंजिनाच्या कव्हरपर्यंत पोचायचं. प्लेटा हा शेवटचा मुक्काम. वाटेतले तीन थांबे, म्हणजे लिव्हरचा प्ले (वायर ताणायला लागण्याआधी लिव्हर जेवढी मोकळी सरकते ती जागा), वायर आणि ऑइल, हे कुणीही घरी तपासू शकतं, आणि बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.

खाली जे सांगतोय ते वायरवर चालणाऱ्या, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचबद्दल आहे. स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, पल्सर, अपाचे अशा आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांत हाच क्लच असतो. स्कूटरचा क्लच वेगळा असतो. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत वायरच्या जागी ब्रेकसारखं ऑइल असतं, त्यामुळे वायरचा भाग तिथे लागू नाही.

## कव्हरच्या आत काय असतं

भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. एक घर्षणाची प्लेट, तिच्यावर एक साधी पोलादी प्लेट, परत घर्षणाची, परत पोलादी. घर्षणाच्या प्लेटांना बाहेरच्या कडेला दात असतात. ते एका डब्याच्या खाचांत बसतात. या डब्याला क्लच हाउसिंग म्हणतात आणि तो इंजिन फिरवतं. पोलादी प्लेटांना आतल्या कडेला दात असतात. त्या मधल्या क्लच सेंटरवर बसतात आणि सेंटर गियरबॉक्सचा शाफ्ट फिरवतं. चार-पाच स्प्रिंगा प्रेशर प्लेट नावाच्या प्लेटेच्या मदतीने ही चवड सतत दाबून धरतात, म्हणून इंजिनाचा जोर चाकापर्यंत जातो. लिव्हर दाबली की वायर इंजिनावरचा छोटा आर्म ओढते, आर्म आतल्या लिफ्टरला ढकलतो, स्प्रिंगा दबतात आणि चवड सैल होते.

सैल होते म्हणजे किती? सगळ्या प्लेटा मिळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर. एवढ्याशा जागेवर सगळा खेळ आहे, म्हणून वायर थोडी जास्त ताणली किंवा थोडी जास्त सोडली तरी गाडी लगेच तक्रार करते.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढे फार उपयोगी पडेल. वायर जुनी झाली की लांबते, आणि लिव्हरचा प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या की चवड पातळ होते, लिफ्टर आणि प्रेशर प्लेटमधली जागा आक्रसते, आणि लिव्हरचा प्ले कमी होतो. दोन्ही गोष्टी उलट दिशेने चालतात. त्यामुळे वायर वरचेवर ताणावी लागत असेल तर संशय वायरवर घ्या. वायरला हात न लावताच प्ले कमी होत चालला असेल, वरचेवर सैल करावी लागत असेल, तर प्लेटा झिजतायत.

## तक्रार नेमकी कोणती?

"क्लच गेला" हे निदान नाही. क्लचचे आजार मुख्यतः चार, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

पहिला आजार म्हणजे क्लच स्लिप होणं. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. पिकअप जातो, ॲव्हरेज घसरतं, आणि घाट चढून वर आलात की जळका वास येतो. सपाट रस्त्यावर हा दोष लपून राहतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला, मागे माणूस बसलेला असला, की उघडा पडतो. तपासायचं असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर टॉप गियरमध्ये ताशी ४० च्या वेगाने जा आणि ॲक्सिलरेटर एकदम पिळा. धडधाकट क्लच असेल तर इंजिन आधी जड आवाज काढतं आणि वेगासोबतच हळूहळू चढतं. क्लच स्लिप होत असेल तर आवाज उडी मारतो आणि गाडी मागे राहते.

पण आवाजच चढत नसेल, इंजिन गुदमरल्यासारखं होत असेल, तर दोष क्लचचा नाही. एअर फिल्टर, कार्बोरेटर, प्लग बघा. मागचा ड्रम ब्रेक चिकटला असला तरी गाडी ओढत नाही. मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरायला हवं. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी न करता लोक क्लच उघडायला बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या बुलेटला आणखी एक खूण असते. तिची किक गियरबॉक्स आणि क्लचमधून इंजिनापर्यंत जाते. क्लच स्लिप होत असला की किक इंजिन न फिरवता नुसती खाली जाते.

दुसरा आजार पहिल्याच्या उलट: क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हर दाबलेली असतानाही गाडी पुढे सरकत राहते. सिग्नलला न्यूट्रल लागत नाही. पहिला गियर टाकला की खाडकन आवाज येतो किंवा गाडी बंद पडते. तपासणीसाठी गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन चालू करा, लिव्हर पूर्ण दाबून पहिला गियर टाका. मागचं चाक थोडं फिरेल. ऑइलच्या चिकटपणामुळे, विशेषतः इंजिन थंड असताना, एवढं फिरणं स्वाभाविक आहे. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक निमूट थांबलं आणि इंजिनाचा सूर बदलला नाही तर क्लच सुटतोय. इंजिन दबलं किंवा बंद पडलं तर सुटत नाही. हे करताना चाक पायाने किंवा हाताने थांबवायला जाऊ नका. ओढणी, पंचा, लुंगीचं टोक आणि लहान मुलं चाकापासून दूर ठेवा. चालू गाडीच्या चेनमध्ये बोट गेलं तर ते परत मिळत नाही.

आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग, फार चढवून ठेवलं असलं तरी हीच लक्षणं दिसतात. आपल्या १००–१५० सीसीच्या पुष्कळ गाड्यांचं आयडल १४०० आरपीएमच्या आसपास असतं. थंडीत गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी स्क्रू पिळून ठेवलेला असतो आणि पुढे सहा महिने गियर अडकतोय म्हणून ओरड होते.

तिसरा आजार हिसक्यांचा. पहिल्या गियरमध्ये लिव्हर सोडताना गाडी थरथरत, उड्या मारत सुटते. क्लचला दोष देण्याआधी चेनची ढिलाई, स्प्रॉकेटचे दात आणि मागच्या चाकाच्या हबमधले रबर बघा. ते ठीक असतील तर हाउसिंगच्या खाचांना गचके (आपटून झालेले खड्डे) पडलेले असतात किंवा पोलादी प्लेटा वाकलेल्या असतात. दोन्ही गोष्टी उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

चौथा, आवाज. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून लिव्हर दाबा आणि सोडा. दाबल्यावर नवा आवाज सुरू होत असेल तर बोट लिफ्टरच्या बेअरिंगकडे जातं. आधीपासूनचा खडखडाट दाबल्यावर बंद होत असेल तर हाउसिंग सैल झालंय किंवा गियरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. या दुसऱ्या प्रकारात मी घरी प्रयोग करत नाही. चांगल्या मेस्त्रीला ऐकवतो.

## पहिला थांबा: लिव्हरचा प्ले

हाताशी शाळेतली फूटपट्टी घ्या. लिव्हरच्या टोकाला जो गोल मणी असतो तिथे पट्टी धरा आणि एका बोटाने लिव्हर हळूच ओढा. वायर ताणली गेल्याचं बोटाला कळतं, तिथे थांबा. टोक किती सरकलं तेवढा तुमचा प्ले. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच कम्यूटर गाड्यांत तो १० ते २० मिमी सांगितलेला असतो. काही कंपन्या हाच प्ले लिव्हरच्या मुळाशी, लिव्हर आणि तिच्या ब्रॅकेटच्या फटीत मोजतात. तिथे आकडा २-३ मिमीचा असतो. दोन्ही जवळपास एकच गोष्ट सांगतात, फक्त मोजण्याची जागा वेगळी. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा आणि कोणता आकडा कुठे मोजलाय ते नीट वाचा. मुळाशी १५ मिमी ठेवलात तर क्लच सुटणारच नाही. टोकाला २ मिमी ठेवलात तर मामाच्या गाडीसारखी गत होईल.

इंजिन थंड असताना असं करा:

१. लिव्हरजवळच्या ॲडजस्टरवरचं रबरी टोपण मागे सरकवा. चकतीसारखा लॉकनट सैल करा आणि ॲडजस्टर आत पिळा. पूर्ण टेकवू नका, दोन-तीन आटे बाहेर राहू द्या.

२. आता वायरच्या खालच्या टोकाकडे, इंजिनाजवळ या. तिथे ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना एकेक नट असतो, बहुधा १० किंवा १२ च्या पान्याचा. हे नट पुढेमागे करून प्ले जवळपास आणा आणि दोन्ही नट एकमेकांवर घट्ट करा.

३. उरलेला बारीक फरक वरच्या ॲडजस्टरने काढा. लॉकनट घट्ट करताना ॲडजस्टरची चीर आणि नटाची चीर एका रेषेत येऊ देऊ नका, नाहीतर वायर तिथून निसटते आणि पावसाचं पाणी आत जातं.

४. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून प्ले परत बघा. वळवल्यावर तो बदलत असेल तर वायर कुठेतरी आवळली आहे. टाकीखाली किंवा हेडलाइटच्या मागे तिचा मार्ग चुकलाय.

हे झालं की गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा आणि परत मोजा. मामाच्या गाडीत इथपर्यंत पंधरा मिनिटं गेली. वायर सैल केल्यावर सपाटीवरचं स्लिप होणं थांबलं, चढावरचं पूर्ण थांबलं नाही. त्यावरून कळलं की मूळ कारण वायरचं, पण तोवर प्लेटांना इजा झालेली.

## दुसरा थांबा: वायर

लिव्हर जड लागते, सोडल्यावर झटकन परत येत नाही, किंवा कालचा प्ले आज वाढलेला दिसतो, ही सगळी वायरची भाषा आहे. सर्वात आधी लिव्हरच्या टोकाशी, जिथे शिशाचा गोळा असतो, तिथे बॅटरीच्या उजेडात बघा. आतली वायर बारीक तारांच्या पिळाची असते. एक जरी तार तुटून काट्यासारखी उभी राहिली असेल तर ती वायर बदलायचीच. एकेक तार तुटत जाते आणि शेवटी नेमकी गर्दीत, नाहीतर रात्री आडरस्त्याला, उरलेल्या तारा एकदम सुटतात.

तारा शाबूत असतील तर ऑइल द्या. वरचं टोक लिव्हरमधून काढा. जाड प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्याचं नरसाळं करा, वायरच्या आवरणाभोवती चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, टोक सर्वात वर राहील असं बांधा आणि नरसाळ्यात शिवणयंत्राचं पातळ तेल चमचाभर ओता. आतली वायर हळूहळू वरखाली करत राहा. तेल सावकाश उतरतं. मी हे काम रात्री करतो आणि खालच्या टोकाला कापडाची चिंधी बांधून ठेवतो. सकाळी चिंधीवर आधी काळं, मग स्वच्छ तेल दिसलं की काम झालं. आवरणात ग्रीस भरू नका. ते धूळ धरतं आणि काही महिन्यांत वायर आणखी जड होते. ग्रीसची जागा लिव्हर ज्यावर फिरते त्या पिव्हट बोल्टवर आहे. तो बोल्ट काढून, पुसून, बोटभर ग्रीस लावून परत बसवा. जड लिव्हरची निम्मी तक्रार कधीकधी या एका बोल्टनेच जाते.

वायर बदलायची असेल तर जुनी ओढून काढण्याआधी फोनवर तीन-चार फोटो घ्या: हँडलजवळ, हेडलाइटच्या मागे, टाकीखाली, इंजिनाजवळ. मग नवी वायर जुनीच्या शेजारून, त्याच क्लिपांमधून ओवत न्या आणि त्यानंतरच जुनी सोडा. वरचा ॲडजस्टर, त्याचा लॉकनट आणि लिव्हरची चीर तिन्ही एका रेषेत आणल्या की गोळा सहज निघतो, पकडीने ओढाताण करावी लागत नाही. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून आठवड्याने प्ले परत मोजा. एक जास्तीची वायर घेऊन ठेवा. लांबच्या प्रवासाला निघताना काही जण ती जुनीच्या शेजारी आधीच ओवून, दोन्ही टोकांना टेप लावून ठेवतात. ही फार शहाणी सवय आहे.

## तिसरा थांबा: ऑइल

मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये फिरतो. त्यामुळे ऑइलला दोन विरुद्ध कामं एकदम करावी लागतात: पिस्टन-बेअरिंगचं घर्षण कमी करायचं आणि क्लचची पकड मात्र टिकवायची. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. कारचा क्लच कोरडा असल्याने तिथे ती चालतात. मोटरसायकलमध्ये तेच ऑइल घातलं तर प्लेटा घसरायला लागतात.

ओळखायचं कसं? जपानच्या जासो या संस्थेने १९९८ मध्ये दुचाकींच्या ऑइलसाठी प्रमाण आणलं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं छापलेलं असेल तर ते ओल्या क्लचला चालतं. एमबी असेल तर ते कमी घर्षणाचं, स्कूटरसाठीचं. काउंटरवर घाईत डबा उचलताना ही चूक सहज होते, कारण दोन्ही डब्यांवर गाडीचंच चित्र असतं. जाडीचा आकडाही मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. १० डब्ल्यू ३० सांगितलेल्या गाडीत "जाड ऑइल चांगलं" म्हणून २० डब्ल्यू ५० घातलं तर सकाळी थंड इंजिनावर क्लच सुटत नाही आणि पहिला गियर खाडकन पडतो. इंजिन गुळगुळीत करण्याच्या नावाखाली विकली जाणारी घर्षण कमी करणारी ॲडिटिव्ह क्लचच्या गाडीत घालू नका.

पातळी मोजताना गाडी मेन स्टँडवर सरळ हवी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडा वेळ थांबा, पट्टी पुसून परत बुडवा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत पट्टी आट्यांवर न पिळता नुसती टेकवून मोजतात. काही गाड्यांना पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. ऑइल कमी असेल तर प्लेटा तापून जळतात, जास्त असेल तर क्लच सुटायला त्रास देतो.

चुकीचं ऑइल पडलंय असं कळलं तर लगेच निराश होऊ नका. ते काढून योग्य ऑइल घाला, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, परत एकदा बदला. प्लेटा जळलेल्या नसतील तर त्या बऱ्याचदा पूर्ववत होतात.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहिली असेल तर आणखी एक प्रकार होतो. प्लेटांमधलं ऑइल ओघळून जातं आणि त्या एकमेकींना चिकटतात. इंजिन बंद ठेवून गियर टाका, लिव्हर पूर्ण दाबा आणि गाडी मागेपुढे ढकला. चार-पाच हिसक्यांत 'टक' असं जाणवतं आणि प्लेटा सुटतात.

## आता कव्हर उघडायचं

प्ले बरोबर, वायर बरोबर, ऑइल बरोबर, आणि तरीही क्लच स्लिप होतोय किंवा हिसके देतोय. आता उघडण्याला अर्थ आहे.

पण आधी एक गोष्ट शोधा: तुमच्या गाडीत प्रेशर प्लेट बाहेरच्या बाजूला आहे की आतल्या. काही गाड्यांत ती बाहेर असते. तिथे स्प्रिंगचे बोल्ट काढले की प्लेटा हातात येतात. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत मात्र, होंडाच्या घडणीच्या इंजिनांत विशेषतः, प्रेशर प्लेट चवडीच्या मागे असते. तिथे मधलं सेंटर काढल्याशिवाय प्लेटा निघत नाहीत, आणि ते सेंटर सर्कलिपने (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या पोलादी रिंगने) किंवा चार खाचांच्या गोल नटाने धरलेलं असतं. सर्कलिप असेल तर सर्कलिपची पकड लागेल. नट असेल तर त्याच मापाचा चार दातांचा सॉकेट आणि सेंटर धरून ठेवायचं होल्डर लागेल. हे नसेल तर कव्हर उघडूच नका. छन्नी आणि हातोडीने तो नट ठोकून काढलेला मी पुष्कळ गाड्यांत पाहिलाय. नटाच्या खाचा फाटतात, शाफ्टला हादरे बसतात आणि पुढच्या वेळी तो कुणालाच निघत नाही. सॉकेट काही महाग नसतो. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानांत गाडीचं मॉडेल सांगून विचारा. इतर गावांत मोठ्या स्पेअरच्या दुकानातून मागवून घ्या.

बाकी सामान: टी-पाने, रिंग पाने, जाडी मोजायला व्हर्नियर, बारीक फट मोजायला फीलर गेज, कव्हरच्या सांध्यात बसणारं नवं गॅस्केट, नवं ऑइल, चिंध्या, ऑइल धरायला पसरट घमेलं, आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा.

आदल्या संध्याकाळी नव्या प्लेटा स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या प्लेटा बसवल्या तर पहिल्याच फेरीत त्यांचा पृष्ठभाग जळतो. वेळ कमी असेल तरी दोन-तीन तास तरी भिजल्याच पाहिजेत.

सकाळी इंजिन थोडं कोमट करून ऑइल काढा. सायलेन्सरला हात लागणार नाही याची काळजी घ्या. जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते गोळा करणारे नेतात. मग फूटरेस्ट, किक आणि आड येत असेल तर ब्रेक पेडल काढा. क्लचची वायर आर्मपासून सोडा, आर्म उजव्या कव्हरवर असेल तर हे विसरू नका.

आता पुठ्ठा. त्यावर पेनाने कव्हरचा आकार काढा आणि बोल्ट जिथे असतील तिथे भोकं पाडा. एकेक बोल्ट काढला की त्याच भोकात खोचा. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी पिळला तर ॲल्युमिनियमचे आटे उडतात आणि आखूड बोल्ट लांब जागी बसवला तर दोन आट्यांवर तो किती दिवस टिकणार?

सगळे बोल्ट निघाले की कव्हरच्या कडेला रबरी किंवा लाकडी हातोडीने हलके टोले द्या. स्क्रूड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. तिथला एक ओरखडा म्हणजे कायमची ऑइलची गळती. कव्हर निघताना दोन पोकळ गाइड पिना आणि वॉशर पडतात, ते कुठून पडले ते बघा.

स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत सैल करा. एकच बोल्ट पूर्ण काढला तर प्लेट तिरकी होऊन बोल्ट ज्यात बसतो तो खांब (बॉस) तुटतो. पुढे लिफ्टर प्लेट, स्प्रिंगा, सर्कलिप किंवा नट, आणि चवड. चवड काढताना प्रत्येक प्लेट ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीने मांडा आणि फोटो काढा. काही गाड्यांत शेवटची घर्षण प्लेट वेगळ्या खाचेत बसते, किंवा तिच्यासोबत पातळ रिंगा असतात. तो फोटो तेव्हा कामी येतो.

## प्लेटा वाचायला शिका

मामाच्या गाडीच्या प्लेटा मी वर्तमानपत्रावर मांडल्या तेव्हा बाहेरच्या दोन ठीक दिसत होत्या. मधल्या दोघींवर नखाने ओढलं तर नख घसरत होतं, काचेवरून घसरावं तसं. चांगल्या घर्षण प्लेटेचा पृष्ठभाग मंद, किंचित खरखरीत लागतो. या चकाकणाऱ्या होत्या आणि नाकाजवळ नेल्यावर जळक्या रबराचा वास येत होता. जाडी मात्र जवळपास नव्यासारखीच. म्हणजे त्या झिजून गेल्या नव्हत्या, तापून गेल्या होत्या. नुसता व्हर्नियर लावला असता तर मी त्या परत बसवल्या असत्या.

जाडी तरीही मोजाच. १००–१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत नवी घर्षण प्लेट साधारण ३ मिमीची असते. कितीच्या खाली गेली की बदलायची ती मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. प्रत्येक प्लेट तीन-चार ठिकाणी मोजा. एकही मर्यादेखाली गेली असेल तर सगळा संच बदला.

पोलादी प्लेटा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा आणि कडेखाली फीलर गेज घालून बघा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये वाकण्याची मर्यादा ०.२ मिमीच्या आसपास असते. निळसर-जांभळे डाग म्हणजे ती प्लेट बेसुमार तापली आहे. अशी प्लेट सपाट असली तरी मी परत वापरत नाही.

स्प्रिंगा टेबलावर शेजारी शेजारी उभ्या करा. उंचीतला फरक डोळ्यालाही दिसतो. नंतर व्हर्नियरने मोजून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा. एखादी जरी आखूड झाली असेल तर चारही नव्या घ्या. तशा त्या स्वस्त असतात, आणि जळलेल्या क्लचमध्ये त्यांनीही तेवढीच उष्णता सोसलेली असते.

शेवटी हाउसिंगच्या खाचांच्या कडांवरून बोट फिरवा. प्लेटांचे दात आपटून तिथे गचके पडतात. प्लेटा त्यात अडकतात, सुटताना आणि धरताना हिसका देतात. गचका नखाला जेमतेम लागेल एवढाच असेल तर बारीक कानशीने, कड सरळ ठेवून, हलक्या हाताने घासा आणि कीस पूर्ण पुसून काढा. खोल असेल तर हाउसिंग बदलावं लागेल. खूप घासलं तर खाचा रुंद होतात आणि नवा खडखडाट सुरू होतो.

## परत बसवताना

चवड घर्षणाच्या प्लेटेने सुरू होते आणि घर्षणाच्या प्लेटेनेच संपते. पोलादी प्लेटांची एक कड धारदार आणि एक गोल असते, त्या सगळ्या एकाच दिशेने ठेवा. सेंटरचे आणि प्रेशर प्लेटचे दात एकमेकांत नीट बसले की नाही ते नट आवळण्याआधी हाताने फिरवून बघा. स्प्रिंगचे बोल्ट परत समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिमीच्या या बोल्टना साधारण १० ते १२ न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे.

जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. दोन्ही बाजू कोरड्या पुसा, गाइड पिना जागी ठेवा, किकच्या शाफ्टचं ऑइल सील फाटलेलं नाही ना बघा. कव्हर हाताच्या दाबाने शेवटपर्यंत बसलं पाहिजे. बसत नसेल तर बोल्ट पिळून ओढू नका, आत काहीतरी आडवं आहे. ऑइल भरा, मग प्ले अगदी पहिल्यापासून, नव्याने लावा. प्लेटा नव्या म्हणजे चवड जाड झाली, जुना प्ले आता लागू नाही.

इंजिन चालू करून पाच मिनिटं थांबा, कव्हरच्या कडेला गळती बघा, मग मेन स्टँडवर ब्रेक दाबून क्लच सुटतोय का ती तपासणी परत करा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर चढाला लिव्हर अर्धी दाबून गाडी धरून ठेवू नका, त्यासाठी ब्रेक आहे. चालवताना बोटंही लिव्हरवर विसावू देऊ नका. मामाला हीच सवय होती. दुधाचे कॅन हिंदकळू नयेत म्हणून तो प्रत्येक खड्ड्याला लिव्हर अर्धी दाबायचा. त्याला मी खड्ड्याआधी एक गियर खाली टाकायला लावलं.

दोनशे किलोमीटरनंतर त्याने गाडी परत आणली. फूटपट्टी लावली, टोकाला १२ मिमी भरला. मी ॲडजस्टरचे बाहेर दिसणारे आटे मोजले, आकडा आणि किलोमीटर सीटखालच्या कागदावर लिहिले, आणि त्याला सांगितलं की महिन्याला एकदा मोजून खाली लिहीत जा.